उपदेशाच्या पलीकडची सोबत

श्रद्धा, आशा आणि प्रीती या तीन सद्गुणांवर ख्रिस्ती नीतिविचाराची उभारणी झालेली आहे. त्यामुळे आशेचा त्याग ही त्या विचारात केवळ मनाची दुर्बलता राहिली नाही. तो अपराध ठरला. देवाची दया आपल्यापर्यंत पोहोचणारच नाही असे मानणे म्हणजे त्या दयेला मर्यादा घालणे होय, अशी मध्ययुगीन धर्मशास्त्र्यांची भूमिका होती. येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताचे मोठे पाप कोणते, विश्वासघात की त्यानंतरची निराशा, असा प्रश्न ते उपस्थित करीत आणि अनेकदा निराशेच्याच विरुद्ध निकाल देत. त्यांच्याही आधी, पाचव्या शतकात, संत ऑगस्टीनने 'ईश्वराचे नगर' या ग्रंथात मनुष्यवध न करण्याची आज्ञा माणसाच्या स्वतःच्या देहालाही लागू केली होती.

धर्माचा हा निवाडा पुढे राजसत्तेने उचलला. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात आत्महत्या हा गंभीर गुन्हा होता. गुन्हेगार तर निघून गेलेला असे. तेव्हा शिक्षा मागे उरलेल्यांना होई. मृताची जंगम मालमत्ता राजाकडे जमा होई आणि धार्मिक विधी न करता प्रेत चौरस्त्यावर पुरले जाई. चौरस्त्यावरील दफन १८२३ मध्ये कायद्याने बंद झाले. पण त्या कायद्यानेही दफन रात्री नऊ ते बारा या वेळातच उरकावे असे बंधन घातले आणि ते उठायला १८८२ साल उजाडावे लागले. मालमत्तेची जप्ती १८७० मध्ये थांबली. आत्महत्येचा प्रयत्न मात्र १९६१ पर्यंत तेथे गुन्हाच होता. म्हणजे मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाला उशाशी प्रथम पोलीस दिसण्याचा संभव होता.

हा इतिहास ध्यानात घेतला म्हणजे एक गोष्ट नवलाची वाटते. जिने खचलेल्या माणसाचा इतका कठोर न्याय केला, त्याच परंपरेतून त्याच्याजवळ जाऊन बसणारी माणसेही निघाली. ती आपल्या श्रद्धेच्या बळावरच तेथे गेली. मात्र जाताना नेलेली प्रवचने त्यांना तेथे फारशी उपयोगी पडली नाहीत. मग उपयोगी काय पडले? या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडमधील दोन ठिकाणी शोधता येते: अठराव्या शतकातील एका लहानशा गावी आणि विसाव्या शतकातील लंडन शहरात. दोन्ही ठिकाणी उत्तर जवळजवळ एकच आले, आणि ते आपल्याही घरांना लागू पडणारे आहे.

पहिले ठिकाण बकिंगहॅमशायरमधील ऑल्नी. हातांनी लेस विणणाऱ्या कष्टकरी कुटुंबांचे हे गाव. तेथे १७६४ पासून जॉन न्यूटन हा सहायक धर्मगुरू म्हणून काम पाहत होता. पूर्वायुष्यात तो गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांचा कप्तान होता. पुढे १७८८ मध्ये त्याने त्या व्यापाराविरुद्ध आपली साक्ष छापून प्रसिद्ध केली. या न्यूटनच्या आमंत्रणावरून १७६७ मध्ये कवी विल्यम कूपर ऑल्नीला राहावयास आला. इंग्रजी अक्षरांवरून पुष्कळजण त्याचे नाव 'काउपर' असे वाचतात. जुन्या पिढीतील काही वाचकांना त्याचा घोड्यावरून उधळत गेलेला विनोदी 'जॉन गिल्पिन' इंग्रजी क्रमिक पुस्तकातून आठवतही असेल.

तो विनोद लिहिणारा माणूस आयुष्याचा मोठा भाग गाढ विषादात जगला. सहा वर्षांचा असताना त्याची आई वारली. १७६३ मध्ये लॉर्ड्सच्या सभागृहात मिळू घातलेल्या एका नोकरीसाठी चारचौघांसमोर परीक्षा द्यावी लागणार, या धास्तीने त्याचे मन कोसळले आणि जीव नकोसा होण्यापर्यंत मजल गेली. सेंट ऑल्बन्स येथे डॉ. नथॅनिएल कॉटन यांच्या खाजगी मनोरुग्णालयात तो बरा झाला, आणि तेथेच बायबल वाचता वाचता त्याला उत्कट धर्मश्रद्धेचा अनुभव आला. नंतर हंटिंग्डन येथे अनविन कुटुंबाने त्याला घरात ठेवून घेतले. कुटुंबप्रमुख अपघाताने वारल्यावर मेरी अनविन ही विधवा गृहिणी आणि कूपर, दोघेही ऑल्नीला आले. न्यूटन आणि कूपर यांनी मिळून उपासनेची गीते रचावयास घेतली. 'ऑल्नी हिम्स' या नावाने १७७९ मध्ये निघालेला हा संग्रह आजही ख्रिस्ती जगात मान्यता पावलेला आहे, आणि न्यूटनचे 'अमेझिंग ग्रेस' त्यातीलच.

परंतु संग्रह निघेपर्यंत कूपरची लेखणी गीतांपुरती थांबली होती. १७७३ च्या जानेवारीत त्याचे मन पुन्हा ढासळले. पुढच्याच महिन्यात पडलेल्या एका स्वप्नातून त्याची खात्री पटली की देवाने आपला कायमचा त्याग केला आहे. त्यानंतर तो चर्चमध्ये गेला नाही. ही निराशा युक्तिवादाने हटणारी नव्हती. देव दयाळू आहे, तो पाप्यालाही जवळ करतो, हे सर्व कूपरला मान्यच होते; किंबहुना त्याने स्वतःच ते गीतांतून गाइले होते. त्याचे म्हणणे एवढेच होते की या नियमाला एक अपवाद आहे आणि तो अपवाद मी. ज्याला सिद्धान्त मान्य आहे पण स्वतःपुरता तो नाकारायचा आहे, त्याला सिद्धान्त पुन्हा सांगून काय होणार?

न्यूटन उपदेशात कमी पडणारा माणूस नव्हता. तो त्याचा व्यवसायच होता. पण त्याने या वेळी केलेली मोठी गोष्ट वेगळी होती. १७७३ च्या एप्रिलमध्ये कूपर त्याच्या घरी आला आणि परत जावयास तयार होईना. न्यूटन पतिपत्नींनी त्याला ठेवून घेतले, ते पुढच्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत. वर्षाहून अधिक काळ एक आजारी माणूस आणि त्याची शुश्रूषा करणारी मेरी अनविन त्या घरात राहिली. त्याला एकटे पडू द्यायचे नाही, हाच त्या दिवसांचा नेम होता.

पुढे तो आपल्या घरी परतला तेव्हा उपचाराला साधी साधी माणसे आणि कामे धावून आली. शेजाऱ्यांनी सशाचे एक पिल्लू दिले. हळूहळू पस, टायनी आणि बेस असे तीन ससे त्याच्या घरात वाढले. त्यांच्यासाठी त्याने सुतारकाम केले, बागेत काचेच्या आच्छादनाखाली भाज्या पिकवल्या, चित्रे काढून पाहिली. या सशांचा वृत्तान्त त्याने १७८४ मध्ये 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये प्रसिद्ध केला. मोठी कविता लिहावी असा आग्रह मेरी अनविनने धरला आणि १७८२ मध्ये पहिला संग्रह निघाला. लेडी ऑस्टिन या मैत्रिणीने एकदा सहज, बसायच्या सोफ्यावर कविता कर असे सुचवले. त्यातून 'द टास्क' हे त्याचे प्रमुख काव्य जन्मले आणि १७८५ मध्ये छापले गेले. १७९१ मध्ये होमरचे भाषांतर आले.

कूपर बरा झाला असे मात्र म्हणता येत नाही. १७९६ मध्ये मेरी अनविन वारली आणि १८०० च्या एप्रिलमध्ये तोही गेला. देवाने आपल्याला टाकले ही समजूत शेवटपर्यंत तशीच राहिली. एकोणिसाव्या शतकातील काही चरित्रकारांनी याचा दोष न्यूटनच्या कठोर धर्ममताला दिला. ती टीका अगदीच निराधार नाही, कारण देवाने कोणाला तारायचे हे आधीच ठरवले आहे या मताने खचलेल्या मनाला स्वतःविरुद्ध एक हत्यार मिळाले. परंतु त्याचा पहिला मोठा आजार धर्मानुभवाच्या आधीचा, हेही विसरून चालत नाही. माझ्या मते ऑल्नीच्या कथेचा अर्थ या वादापेक्षा वेगळ्या ठिकाणी आहे. १७७३ नंतर कूपर सत्तावीस वर्षे जगला आणि त्याला इंग्रजी साहित्यात स्थान देणारे बहुतेक सगळे लेखन या काळातले आहे. ज्याच्याजवळची आशा संपली होती त्याला इतरांच्या आशेने वागवले. आणि ती आशा शब्दांपेक्षा जेवणाच्या वेळा, बागेतली फेरी, पत्रे आणि रात्रीची जाग या रूपांनी त्याच्यापर्यंत पोहोचली. ऑल्नीतील त्याच्या घरात १९०० मध्ये, त्याच्या मृत्यूच्या शताब्दीला, संग्रहालय उभे राहिले. त्याला न्यूटन आणि कूपर अशा दोघांचेही नाव आहे, हे उचितच झाले.

ऑल्नीतील सोबत ही एका प्रतिभावंताला मिळालेली, दोन-चार मित्रांची सोबत होती. मोठ्या शहरातील अनोळखी माणसाला ती कोण देणार? या प्रश्नाला विसाव्या शतकाच्या आरंभी हात घातला गेला. १९०७ मध्ये विल्यम बूथच्या मुक्तिफौजेने लंडनमध्ये आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी स्वतंत्र कचेरी उघडली. ही मुक्तिफौज आपल्याला अपरिचित नाही. १८८२ मध्ये ती मुंबईच्या किनाऱ्यावर उतरली होती. लंडनच्या कचेरीत आलेल्यांपैकी अनेकांचे दुःख कर्जाचे, बेकारीचे, पैशाच्या नाचक्कीचे निघाले. धर्मशास्त्राने ज्याला आत्म्याचा अपराध म्हटले होते त्याच्या मुळाशी पुष्कळदा सावकाराचा तगादा होता.

आपल्या कथेतील दुसरे ठिकाण म्हणजे लंडनच्या मध्यवस्तीतील सेंट स्टीफन वॉलब्रुक हे चर्च. क्रिस्टोफर रेन या थोर वास्तुशिल्पीने ते सतराव्या शतकात बांधले. १९५३ मध्ये तेथे चॅड वॅरा हे धर्मगुरू नेमले गेले. १९११ साली लिंकनशायरमधील एका धर्मगुरूच्या घरात जन्मलेल्या वॅरांना धर्मसेवेच्या आरंभीच, १९३५ मध्ये, एक प्रसंग सोसावा लागला होता. त्यांच्या हातून झालेला पहिला अंत्यविधी एका चौदा वर्षांच्या मुलीचा होता. मासिक पाळी सुरू झाली तेव्हा त्याचा अर्थ सांगणारे तिला कोणी नव्हते. आपल्याला लाजिरवाणा रोग जडला अशी समजूत करून घेऊन तिने आयुष्य संपवले होते. जिच्याशी दहा मिनिटे मोकळेपणाने बोलणारे कोणी असते तर ती वाचली असती, अशा मुलीसाठी त्यांना प्रार्थना म्हणावी लागली. तेव्हापासून त्यांनी तरुणांना शरीरधर्माचे ज्ञान देण्याचे काम अंगावर घेतले. त्या काळी धर्मगुरूने असे बोलणे अनेकांना रुचणारे नव्हते.

पुढे लंडनमध्ये रोज सरासरी तिघेजण आत्महत्या करतात असे वाचनात आल्यावर त्यांच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहिला. आग लागली तर फिरवायला दूरध्वनी क्रमांक आहे. मरणाच्या विचाराने घेरलेल्या माणसाने कोणता क्रमांक फिरवावा? २ नोव्हेंबर १९५३ रोजी त्यांच्या चर्चमधील दूरध्वनी, मॅन्शन हाउस ९०००, या कामासाठी सुरू झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात 'डेली मिरर' या वृत्तपत्राने त्यांचा उल्लेख करताना 'समॅरिटन' हा शब्द वापरला आणि तेच नाव संस्थेला चिकटले. मराठी बायबलात याच शब्दाला 'शोमरोनी' म्हटले आहे.

आरंभी वॅरांची कल्पना अशी होती की दुःखी माणूस येईल आणि धर्मगुरू त्याला योग्य सल्ला देईल. येणाऱ्यांची गर्दी वाढली तेव्हा चर्चशी संबंधित काही साधी माणसे मदतीला आली. त्यांचे काम एवढेच, की वाट पाहणाऱ्यांना चहा करून द्यावा आणि जवळ बसावे. थोड्याच दिवसांत वॅरांच्या ध्यानात आले की बाहेर बसलेल्यांपैकी अनेकजण त्यांना न भेटताच परत जात आहेत, आणि जाताना हलके होऊन जात आहेत. चहा देणाऱ्याने त्यांचे म्हणणे ऐकून घेतले होते. मध्येच तोडले नव्हते, दोष दिला नव्हता, उपायही सुचवला नव्हता. बहुतेकांना तेवढेच हवे होते. काहींना अनुभवी सल्लागाराची गरज होती आणि काहींना मनोविकारतज्ज्ञाची. त्यांना तेथे पोहोचवणे हेही कर्तव्यच. पण पहिला दरवाजा त्या साध्या माणसाचा.

अशा वेळी अधिकारपदावरील माणूस बहुधा मदतनिसांना शिकवू लागतो. वॅरांनी उलट केले. २ फेब्रुवारी १९५४ रोजी त्यांनी दूरध्वनी स्वयंसेवकांच्या हाती सोपवला आणि स्वतः मागे सरले. संस्थेचा एक मूलभूत दंडकही ठरला: स्वयंसेवकाने आपली धार्मिक वा राजकीय मते समोरच्यावर लादायची नाहीत. धर्मगुरूने, चर्चच्या छपराखाली, धर्मोपदेशाला बंदी घालावी ही घटना धर्मेतिहासात सहसा आढळत नाही. काहींना त्यात श्रद्धेची माघार दिसेल. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण त्या नावातच आहे.

लूकच्या शुभवर्तमानातील दृष्टान्त प्रसिद्ध आहे. वाटेत लुटारूंनी घायाळ करून टाकलेल्या माणसाला पाहून याजक आणि लेवी, म्हणजे धर्माचे दोन अधिकारी, बाजूने निघून जातात. परक्या आणि तुच्छ लेखलेल्या जमातीचा शोमरोनी मात्र थांबतो. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो. या सबंध कथेत तो त्या जखमी माणसाला उद्देशून काही बोलल्याचे लिहिलेले नाही. जुन्या करारातील ईयोबाच्या कथेतही असेच आहे. सर्वस्व गमावून राखेत बसलेल्या ईयोबाला भेटायला तीन मित्र येतात, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. येथपर्यंत ते खरे मित्र असतात. आठव्या दिवसापासून ते तत्त्वज्ञान सांगू लागतात, आणि ग्रंथाच्या शेवटी देव रागावतो तो त्यांच्यावरच. वॅरांनी धर्म सोडला नव्हता. धर्मग्रंथातले हे मौन त्यांनी गंभीरपणे घेतले होते.

ही चळवळ पुढे देशोदेशी पसरली. चार्ल्स डिकन्सची पणती, कादंबरीकार मोनिका डिकन्स, लंडनमध्ये स्वयंसेविका होती. तिने १९७४ मध्ये अमेरिकेत बॉस्टनला पहिली शाखा काढली. ब्रिटनमध्ये साठीच्या दशकात आत्महत्या घटल्या तेव्हा त्याचे श्रेय प्रथम समॅरिटन्सना दिले गेले. पुढील संशोधनाने त्या घटीची मुख्य कारणे अन्यत्र दाखवली. या कामाचे मोल आकड्यांत पकडणे कठीण आहे आणि त्याच्या पुरस्कर्त्यांनी तसा अट्टहास न धरणेच बरे. वॅरा २००७ मध्ये पंच्याण्णव वर्षांचे होऊन निवर्तले. आज ती संस्था कोणत्याही धर्माची नाही. पहिला दूरध्वनी मात्र त्या चर्चमध्ये काचेच्या पेटीत जपून ठेवलेला आहे.

आपल्या देशात इंग्रजी कायदा आधी आला आणि इंग्रजी पश्चात्ताप फार उशिरा. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३०९ ने आत्महत्येचा प्रयत्न दंडनीय ठरवला. इंग्लंडने १९६१ मध्ये तो गुन्हा रद्द केला, तरी आपल्याकडे तो टिकून राहिला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेपासून संरक्षण दिले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम उरले नाही. सोबतीचे काम मात्र कायद्यासाठी थांबले नाही. १९८६ मध्ये डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी चेन्नईत 'स्नेहा' ही संस्था याच धर्तीवर सुरू केली. गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या 'संगथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतून शास्त्रशुद्ध पाहणी करून दाखवले की थोडे प्रशिक्षण घेतलेली, डॉक्टर नसलेली स्थानिक माणसे विषादाच्या रुग्णांना खरीखुरी मदत करू शकतात. तिच्या नावाचा कोंकणीतला अर्थ सोबत असाच आहे. ख्रिस्ती श्रद्धेच्या आधाराने ज्याचा शोध लागला ते सत्य येथे कोणत्याही श्रद्धेचा आधार न घेता पुन्हा हाती आले.

मूळ प्रदेशापासून दूर, पिढ्यानपिढ्या एकाच नगरात राहिलेल्या आपल्या कुटुंबांना या इतिहासाची गरज आहे असे मला वाटते. आपला समाज लहान. प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतो. ही ओळख सणावारी सुखाची असते, पण मन खचले की तीच भीती बनते. घराण्याचे नाव जाईल म्हणून दुःख माजघरातच ठेवले जाते. कोणी धीर करून बोललेच तर आपण घाईने त्याला गीता सांगतो, नामस्मरण सांगतो, दुसऱ्यांची मोठी दुःखे सांगतो. या गोष्टी असत्य नव्हेत. पण कूपरला जसे सर्व काही ठाऊक होते, तसे त्या माणसालाही ते ठाऊक असते. आपण बोलू लागलो की त्याचे बोलणे थांबते, आणि ईयोबाच्या मित्रांचा आठवा दिवस सुरू होतो.

मरणाचे विचार मनात येतात का, असे सरळ विचारल्याने ते विचार पेरले जात नाहीत, हे आज तज्ज्ञ एकमुखाने सांगतात. उलट विचारणारा भेटला याचाच आधार वाटतो. विचारावे, ऐकावे, एकटे सोडू नये आणि डॉक्टरांकडे सोबत जावे. ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

शोमरोन्याच्या कथेचा शेवट पुष्कळदा दुर्लक्षिला जातो. तो जखमी माणसाची रात्रभर काळजी घेतो, पण कायमचा तेथे राहत नाही. सकाळी उतारशाळेच्या मालकाला दोन नाणी देतो, पुढील शुश्रूषा त्याच्यावर सोपवतो आणि परतीच्या वाटेवर पुन्हा येण्याचे सांगून निघतो. सगळा भार एकट्याने उचलण्याची त्याची प्रतिज्ञा नव्हती. योग्य हाती सोपवणे आणि पुन्हा डोकावणे, इतके त्याने केले; आणि तितके आपल्यापैकी कोणालाही करता येण्यासारखे आहे.